डेल्बर्ट पुकारायचा, आर्डिस नाचायची

डेल्बर्ट कोप्रिवाचा आवाज आधी गाईंना आवडला, माणसांना नंतर. आमच्या भागातलं दूध गोळा करायचं काम त्याच्याकडे होतं. पहाटे साडेपाचला त्याचा ट्रक आवारात शिरायचा आणि कॅन चढवता चढवता हा पठ्ठ्या मोठ्यानं नाचाचे पुकारे घोकायचा, "डावा हात शेजारणीला, उजवा हात आपलीला, चला पुढं, चला पुढं!" आमच्याकडे ठिपक्यांची एक गाय होती, धार काढणाऱ्याला लाथ घालणारी. डेल्बर्ट पुकारायला लागला की ती कान पाडून उभी राहायची. माझी बायको ट्रुडी म्हणायची, "त्या दोघांचं लग्न लावून टाक बाबा. दूध तरी वाढेल."

हे मी नेब्रास्कातल्या प्लम होलोचं सांगतोय, म्हणजे आमच्याच गावचं. चौकाचा नाच आमच्याकडे शनिवारी, शेतकरी संघाच्या हॉलमध्ये. फळ्यांच्या जमिनीवर मक्याचं पीठ भुरभुरवायचं, म्हणजे बूट नीट घसरतात. एका चौकात आठ माणसं, चार बाजूंना चार जोड्या. काय करायचं ते नाचणाऱ्यानं ठरवायचं नसतं. स्टेजवरचा पुकाऱ्या सांगेल तसं वळायचं, सांगेल त्याचा हात धरायचा, सांगेल त्याच्याबरोबर गिरकी घ्यायची. पुकाऱ्यानं माणसं कितीही विसकटावीत, याची बायको त्याच्याकडे आणि त्याची तिसऱ्याकडे पाठवावी, त्याला सगळं माफ. पण शेवटी ज्याची त्याला परत मिळाली पाहिजे. आम्ही त्याला 'घरी आणणं' म्हणतो. पुकाऱ्याची सगळी अब्रू त्या घरी आणण्यात.

आणि डेल्बर्ट बावीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. चाळीस माणसांची अशी खिचडी करायचा की आम्हाला वाटावं, आज काही खरं नाही, आज परक्याच्याच घरी जेवावं लागणार. मग दोन पुकारे असे काही टाकायचा की बघता बघता समोर आपलीच बायको हात पुढे करून उभी. जादूच ती.

त्याची बायको आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात होती. बुटकी, गोल, आणि पायानं अशी हलकी की तिच्याबरोबर गिरकी घेताना हातात काही वजन आहे असंच वाटायचं नाही. तिला नाचायचं वेड. लग्नानंतर दोघं शेजारच्या बीव्हर फोर्क गावी नाच शिकायला जायची. तिथल्या पुकाऱ्याचा एकदा घसा बसला, कोणीतरी डेल्बर्टला वर ढकललं, आणि तो वर गेला तो खाली आलाच नाही. बायकोला घराजवळ नाचता यावं म्हणून त्यानं प्लम होलोत क्लब काढला, आणि त्या दिवसापासून बायकोबरोबर नाचायचं त्याच्या नशिबातून गेलं. आचाऱ्यानं पंगत वाढावी आणि स्वतः उपाशी राहावं, तसं.

मग आर्डिसनं कोणाबरोबर नाचायचं? त्या काळी बहुतेक क्लब फक्त जोडप्यांना घ्यायचे. एकटा माणूस दारात आला की त्याला गोड हसून कॉफी पाजायची आणि वाटेला लावायचं. डेल्बर्टनं दारावर पाटी लावली, 'एकटे या, जोडीनं या'. घड्याळाखाली एक बाक ठेवला. एकट्यादुकट्यांनी त्या बाकावर बसायचं, पुरुष एका टोकाला, बायका दुसऱ्या टोकाला. नाच सुरू झाला की पहिला पुरुष आणि पहिली बाई उठून चौकात जायचे, मग दुसरे, मग तिसरे. कोणी कोणाला निवडायचं नाही, कोणी बसून राहायचं नाही. लांबून लांबून लोक यायचे आणि म्हणायचे, काय मोठ्या मनाचा क्लब! मोठं मन कसलं! पुकाऱ्याची बायको हीच क्लबातली पहिली एकटी, तिच्यासाठी ती सोय होती.

बावीस वर्षं बाकावर कोण बसत होतं तेही सांगतो. एक एमिल लोहार, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. गुडघे असे वाजायचे की ताल चुकायचा. दोघे ब्रह्मचारी भाऊ, डुकरं पाळणारे. ते हॉलच्या पायरीवर असतानाच आत कळायचं की आले. आर्डिस सगळ्यांबरोबर आनंदानं नाचायची आणि स्टेजवर डेल्बर्टच्या जिवाला शांतता होती.

चौऱ्याहत्तरच्या ऑक्टोबरात वेंडेल ओस्टरगार्ड आला. बायको जाऊन दोन वर्षं झालेली, बहिणीजवळ राहायला म्हणून आमच्या गावी आला आणि हार्डवेअरच्या दुकानात लागला. विजेच्या खांबासारखा उंच, हात पाय सगळं लांबच लांब. नाचणारा म्हणाल तर बेताचाच. पण दाढी गुळगुळीत, अंगाला साबणाचा वास, आणि बाकावर पहिला येऊन बसायचा. नियमानं आर्डिस त्याच्या वाट्याला.

ती दोघं आमच्याच चौकात यायची, स्टेजच्या अगदी पुढ्यात. मी आर्डिसच्या उजव्या हाताला, म्हणजे चौकाच्या हिशेबानं ती माझी शेजारीण. पहिल्याच शनिवारी मी पाहिलं, वेंडेल खाली वाकला, तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटला आणि आर्डिस खुदकन हसली. पुढच्या वळणावर परत. शेवटी तर डोळे पुसायला लागली. डेल्बर्टच्या दोन्ही अंगांना दोन मोठे भोंगे. त्याला स्वतःच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नसे. दिसायचं मात्र सगळं.

आता त्याची पंचाईत लक्षात घ्या. दुसऱ्या कोणाची बायको परक्याबरोबर हसली तर तो तोंड फिरवू शकतो, घरी चल म्हणू शकतो, निदान कॉफी प्यायला तरी जाऊ शकतो. डेल्बर्टला स्वतःच्या तोंडानं पुकारावं लागायचं, "आपली घ्या, गिरकी घ्या!" आणि आर्डिस वेंडेलच्या हातात. तिला किती का लांब पाठवेना, घरी आणायची वेळ आली की घर म्हणजे वेंडेल! स्वतःचाच नियम, स्वतःचाच बाक, स्वतःचाच आवाज. माझ्या तर अंगावर काटा यायचा, आणि हसूही यायचं.

नोव्हेंबरात माझा डावा दंड दुखायला लागला. मला वाटलं थंडी. ट्रुडी म्हणाली, "थंडी कसली? काल आर्डिसबरोबर तू अकरा गिरक्या घेतल्यास, मोजल्यात मी."

"मी काय करू? तो पुकारतो तसा नाचतो."

"तेच म्हणतेय. तिला तो सारखी तुझ्याकडेच पाठवतोय. वेंडेलकडे गेली की लगेच 'पुढं चला'. गिरकी नाही, फेरी नाही."

मग मीही लक्ष ठेवलं. खरंच. पुकारे असे काही वळवायचा की आर्डिस वेंडेलच्या बोटाला शिवली न शिवली की पुढं. शेवटी घरी आणायचा तेवढं नाइलाजानं, आणि लगेच, "वाका, नमस्कार, संपलं!" बाकीचे चौक कुरकुरायला लागले. नाचायला तासभर गाडी हाकून आलेल्या माणसाला स्वतःच्या बायकोबरोबर गिरकी मिळेना.

सोमवारी सकाळी कॅन चढवताना डेल्बर्ट गप्प. ठिपक्यांच्या गाईनं त्या दिवशी मला लाथ मारली.

"क्लेम," तो म्हणाला, "तू तर शेजारीच असतोस. काय बोलतो रे तो?"

"कोण?"

"कोण म्हणजे? तो खांब."

"मला ऐकू येत नाही. ट्रुडीचा झगा फार सळसळतो."

"हसते ती. बावीस वर्षांत माझ्या एका गोष्टीवर इतकी हसली नाही."

"तू गोष्टी सांगतोस कुठे? तू नुसता डावीकडे वळा, उजवीकडे वळा सांगतोस."

"चेष्टा करू नकोस."

"बरं, एक विचारू? माझ्याकडेच का पाठवतोस तिला? माझा दंड गेला कामातून."

त्यानं कॅन खाली ठेवला आणि मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तुझं काय रे, क्लेम," तो म्हणाला, "तू म्हणजे घरातलं कपाट."

मी ट्रुडीला हे सांगितलं तर ती आठवडाभर मला कपाट म्हणत होती.

डिसेंबरच्या बैठकीत डेल्बर्टनं सूचना मांडली: गर्दी फार होते, तेव्हा जोडप्यांनी शनिवारी नाचावं आणि एकट्या लोकांनी बुधवारी. खोलीत सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. आर्डिस विणत बसली होती. सुयांवरची नजर न काढता म्हणाली, "चालेल. मग मी बुधवारी येते."

"तू कशाला? तू एकटी आहेस का?"

"मग शनिवारी माझा जोडीदार कोण, ते सांग. त्याच्या बाजूला बसते."

सूचना तिथंच बारगळली. पण डेल्बर्टच्या पोटातली आग विझली नाही. जानेवारीभर तो ट्रकमध्ये गात नव्हता. आर्डिसशी घरात जेवढ्यास तेवढं. एकदा दुकानात खिळे घ्यायला गेला, वेंडेलनं विचारलं, किती इंची? तर हा म्हणाला, "तुला काय करायचंय?" आणि खिळे न घेताच परत आला.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी बीव्हर फोर्कवाले आमचा झेंडा पळवायला येणार होते. ही जुनी गंमत आहे. दुसऱ्या क्लबाची निदान आठ माणसं पाहुणी म्हणून यावीत, संध्याकाळभर नाचावीत, आणि जाताना भिंतीवरचा आपला कापडी झेंडा गुंडाळून घेऊन जावीत. मग आपण आठ जणांनी त्यांच्याकडे नाचून तो सोडवून आणायचा. अशा दिवशी पाहुण्यांसमोर पुकाऱ्याला मिशीला पीळ देता आला पाहिजे. त्यात बीव्हर फोर्क म्हणजे डेल्बर्ट जिथं शिकला ते गाव. टेबलावर खसखस भरलेले कोलाचे, म्हणजे आमच्याकडचे गोड पाव, हॅमची सँडविचं, कॉफीचे दोन मोठे हंडे. बीव्हर फोर्कचे बारा जण आले. आणि वेंडेल आला निळ्या चौकड्यांचा शर्ट घालून.

आर्डिसचा नवा झगा निळ्या चौकड्यांचाच होता.

आमच्यात ही फार मोठी खूण. नवऱ्याचा शर्ट आणि बायकोचा झगा एकाच कापडाचा शिवतात. लांबून पाहिलं तरी कळावं, कोण कोणाचं. डेल्बर्टच्या कपाटात तसले सतरा शर्ट होते, सगळे आर्डिसच्या हातचे. त्या दिवशी मात्र तो साध्या पांढऱ्या शर्टात होता, कारण महिनाभर त्यानं तिला माप घेऊ दिलं नव्हतं.

ट्रुडी माझ्या कानात म्हणाली, "वेंडेलचा त्याच्या बहिणीनं शिवलाय. गावात कापडाचं दुकान एक, आणि या हिवाळ्यात त्यांच्याकडे निळ्याचा तागा एकच आला."

"मग जाऊन सांग डेल्बर्टला."

"आता? त्याचं तोंड बघ."

तोंड बिटासारखं झालं होतं. संगीताची तबकडी सुरू झाली, डेल्बर्टनं पुकारायला घेतलं. त्या दिवशी त्यानं जे काही पुकारलं ते मी आयुष्यात पुन्हा ऐकलं नाही. आर्डिस वेंडेलपासून उडाली ती माझ्याकडे, माझ्याकडून पलीकडे, पलीकडून परत माझ्याकडे. वेंडेल बिचारा लांब हात पुढे करायचा आणि हातात यायचा वारा. झगे फिरतायत, पीठ उडतंय, पाहुणे वाहवा करतायत. तबकडी संपत आली. आता घरी आणायचं. मी डेल्बर्टकडे पाहिलं. तो आर्डिसकडे पाहत होता. ती माझ्या डाव्या हाताशी उभी, दोन पुकाऱ्यांत वेंडेलच्या मिठीत जाणार. डेल्बर्टनं तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाला, "नमस्कार. संपलं."

संगीत थांबलं. सहा चौक, अठ्ठेचाळीस माणसं, आणि एकूण एक पुरुष परक्याच्या बायकोचा हात धरून उभा. माझ्याकडे आर्डिस, ट्रुडी समोरच्या जोडीतल्या शाळामास्तरांकडे. कोणाला वाटलं विनोद आहे. मग बीव्हर फोर्कचा एक जाडा शेतकरी मागून ओरडला, "अहो, आमच्या बायका परत द्या!"

हॉल हसून कोसळला. डेल्बर्ट हसला नाही. आर्डिसही हसली नाही. तिनं माझा हात सोडला, झगा दोन्ही हातांनी सावरला आणि तीन पायऱ्या चढून स्टेजवर गेली. माईक चालूच होता.

"डेल्बर्ट," ती म्हणाली, "मला घरी आण."

"कोणाच्या घरी?" डेल्बर्ट म्हणाला, आणि ते भोंग्यांतून साऱ्या हॉलनं ऐकलं.

हसणं जागच्या जागी थांबलं. एमिलच्या हातातला कोलाचा तोंडाशी तसाच.

आर्डिसनं वेंडेलच्या शर्टाकडे पाहिलं, मग स्वतःच्या झग्याकडे, आणि तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. "अरे देवा," ती म्हणाली, "चार महिने हे चाललंय होय? मला वाटलं, पुकारायचा तुला कंटाळा आलाय." मग आवाज खाली आणला, पण भोंग्यांना काय त्याचं! "बावीस वर्षं तू मला लोकांच्या हातात देतोयस. मी कधी विचारलं, का म्हणून? मी दर शनिवारी त्या बाकावर बसते आणि कोण वाट्याला येईल ते बघते. तुला एकदा तरी वाटलं का, खाली यावं?"

"मग पुकारेल कोण?"

"ते मला माहीत नाही. तू खाली ये, नाहीतर मी बसते. आणि आज बसले तर पुन्हा नाचायला उठायची नाही. या क्लबात नाही, कुठल्याच नाही."

ती धमकी नव्हती. मी तिचा चेहरा पाहिला होता. आर्डिस नाचली नाही तर आर्डिस उरते किती? आणि डेल्बर्ट तरी कोणासाठी पुकारणार होता, त्या ठिपक्यांच्या गाईसाठी? सगळं त्याला कळत होतं, पण पाय हलेनात. बावीस वर्षं ज्याच्या शब्दावर लोक हलले, त्याला स्वतःला हलवणारं कोणी नव्हतं.

तेवढ्यात वेंडेल म्हणाला, "तबकडी उलटी करा ना."

डेल्बर्टनं त्याच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता माईक फेकतो.

"गाण्याची आहे ना ती?" वेंडेल शांतपणे म्हणाला. "एका बाजूला नुसतं संगीत असतं, दुसऱ्या बाजूला पुकाऱ्यासकट. आमच्या दुकानात विकायला आहेत तसल्या. तुम्ही खाली या. मी बाकावर बसतो."

"इथं कोणी बसत नाही," डेल्बर्ट सवयीनं बोलून गेला. मग त्यालाच ते ऐकू आलं. त्यानं तबकडी उलटी केली, सुई ठेवली, आणि पायरी चुकत चुकत खाली आला. बीव्हर फोर्कहून झेंडा न्यायला आलेल्या एका विधवा बाईनं वेंडेलला ओढलं आणि आमच्या शेजारच्या जोडप्याला हटवून चौकात घुसली.

आता तुम्हाला वाटेल, बावीस वर्षांचा पुकाऱ्या, काय नाचला असेल! अहो, बैल परवडला. त्याला सगळा नाच वरून पाहायची सवय, आमच्याकडे तोंड करून. आमचा डावा तो त्याचा उजवा. तबकडीतला माणूस म्हणाला डावीकडे, हा निघाला उजवीकडे आणि माझ्या छातीवर आदळला. आर्डिसनं त्याला पट्ट्याला धरून वळवलं. पुढच्या वळणावर मास्तरांचा पाय तुडवला. तिसऱ्याला वेंडेलनं लांब हात पसरून त्याला खांद्याला धरला, जागेवर लावला आणि कानात पुटपुटला, "आता उजवीकडे पाठवणार बघा." आणि तबकडी म्हणाली, डावीकडे.

डेल्बर्ट जागीच थांबला. "हेच सांगत होतास तिला? दर शनिवारी?"

"दर शनिवारी," वेंडेल म्हणाला. "अजून एकदाही बरोबर आलं नाही."

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"चला पुढं!" आम्ही सगळे ओरडलो, कारण त्याच्यामुळे चौक अडला होता.

मग त्या तबकडीनं आर्डिसला वेंडेलकडे पाठवलं. पाठवणारच, सगळ्यांकडे पाठवते. त्या फेरीत डेल्बर्टच्या वाट्याला ट्रुडी आली होती. ती सांगते, गिरकी तिच्याबरोबर, पण मान घुबडासारखी मागं. निळा शर्ट आणि निळा झगा गरगर फिरताना पाहत होता आणि ओठ हलत होते. ट्रुडीला वाटलं शिव्या देतोय. पण तो पुकारत होता. परक्या पुकाऱ्याच्या आधी, हळूच: "आता घरी. आता घरी. आण रे तिला घरी."

आणि आणली त्यानं. शेवटच्या ओळीला आर्डिस समोर आली, आणि डेल्बर्टनं तिला असं घट्ट धरलं की गिरकी झालीच नाही, दोघं नुसती उभी. बाकीचे त्यांच्याभोवती फेरी घालून गेले. बीव्हर फोर्कवाल्यांनी झेंडा गुंडाळला तेव्हा नेहमीसारखं लटकं भांडण करायलाही तो गेला नाही.

मला वाटलं, चला, मिटलं. सोमवारी ट्रक आला, डेल्बर्ट गातोय. मी म्हटलं, "काय रे, आता वेंडेलला खिळे मागायला हरकत नाही ना?"

"वेंडेल चांगला माणूस आहे," तो म्हणाला. कॅन चढवला. मग ट्रकला टेकून उभा राहिला. "क्लेम, तो तबकडीतला पुकाऱ्या... तुला कसा वाटला?"

"बरा होता."

"आर्डिस म्हणाली, काय गोड गळा आहे त्याचा. दोनदा म्हणाली. काल स्वयंपाक करताना त्याचंच गुणगुणत होती."

त्यानंतर अकरा वर्षं, डेल्बर्ट पुकारायचा थांबेपर्यंत, दर शनिवारी एक तबकडी उलटी व्हायची आणि डेल्बर्ट खाली येऊन आर्डिसबरोबर नाचायचा. पुढं पुढं बरा नाचायला लागला. तबकड्या तो टपालानं मागवायचा, घरी आर्डिस नसताना एकेक लावून ऐकायचा आणि त्यातली एक निवडून आणायचा. आता देशात चांगल्या पुकाऱ्यांना काही तोटा नव्हता. पण अकरा वर्षं आम्ही प्लम होलोवाले ज्यांच्या तालावर नाचलो, ते एकजात घोगरे, फाटक्या गळ्याचे आणि नाकात बोलणारे.